चार पितळी कड्या

आप्पा, तेरखेडा मागं पडलं आणि सई म्हणाली, "आई, काटा ऐंशीवर गेलाय." तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही गेलात. तुम्ही शेजारी असताना गाडी कधी चाळिसाच्या वर गेली नाही. मग ती तुमची जुनी जीप असो, नाहीतर माझी ही छोटी गाडी. "हळू घे माय, पिकं बगू दे," हे तुमचं पालुपद. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि तुम्ही खिडकीतून हात काढून त्यांना वाट द्यायचात. "जावा बाबा, तुमच्या घरी काय पेटलंय कुणास ठाऊक."

मी गाडी चाळिसावर आणली.

तुमच्या पाठीमागचा पहिला सण, म्हणून पाडव्याला आईकडं निघाले होते. संभाजीनगरपासून अणदूरच्या पुढच्या आपल्या फाट्यापर्यंत सहा तासांचा रस्ता, आणि ह्यांना रजा नव्हती. सई नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. गाडी मीच चालवत होते. तुम्हीच माझ्या मागं लागून लागून चाळिशीत मला गाडी शिकायला लावली होतीत, आणि शिकल्यावर पहिल्या दिवशी म्हणाला होतात, "आता तू चालीव, म्या नुसता बगतो." तुमचा हेतू तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले. दहाव्याला रडले. लॅबमध्ये कुणाचं तरी रक्त तपासताना नळीवरचं नाव तुमचं निघालं, तेव्हाही रडले. रडण्याचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते भांडण. सतरा वर्षं चाललेलं, दर शिमग्याला उकरून काढलेलं आणि शेवटी दवाखान्यात अर्धवट सुटलेलं. ते आता कुणाशी भांडायचं, ह्या विचारानं मला तुमचा रागच आला होता. असं मधूनच उठून जातात का?

पण चाळिसाच्या वेगात राग फार वेळ टिकत नाही. काच खाली केली आणि आत वास आला. वाळलेल्या कडब्याचा, आंब्याच्या मोहोराचा आणि गरम मातीचा, सगळा एकदम. शाळूची ज्वारी उपटून झालेली. काळी रानं उघडी पडलेली, भेगा अशा की पाऊल जाईल. जिकडं बघावं तिकडं कडब्याची बुचाडं उभी. गहू पार पिवळा झालेला. येडशीच्या डोंगरावर पळस फुललेला, पान एक नाही, नुसती फुलं. आणि ह्या सगळ्यावर ते पवनचक्कीचे पांढरे खांब, इतके उंच की पातं खाली येताना आपण मान आत घेतो. त्या खांबाच्या बुडाशी एक बाई सूप डोक्यावर धरून ज्वारी वाऱ्यावर सोडत होती. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "ह्यास्नी बी वारं लागतं आन् उपणायला बी वारंच लागतं. दोघांत भांडाण लागू नये म्हंजे झालं."

आप्पा, हा रस्ता मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. पण त्या दिवशी मला खरोखर आश्चर्य वाटलं. सहा महिन्यांपूर्वी ही सगळी काळी जमीन होती. त्यात माणसांनी मूठमूठ दाणे टाकले, आणि आता क्षितिजापर्यंत हे उभं होतं. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी कुणी ओरडून सांगत नाही. तुम्ही तेवढे सांगायचात, आणि आम्ही म्हणायचो, आप्पा, पुढं बघा.

मग मी तुमच्यासारखी बडबड सुरू केली. "हे रान बघ सई, बांधाच्या धुऱ्यापर्यंत नांगरलंय, माणूस चिकट आहे. हे दुसरं, इथं मालक आळशी पण बायको खमकी." सई म्हणाली, "तुला काय माहीत?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांना माहीत असायचं." आणि पहिली रास दिसली तसं तिला ते सांगितलं, जे तिला ठाऊक नव्हतं. की रस्त्याच्या कडेला मळून ठेवलेली रास दिसली की तुम्ही चालत्या जीपमध्ये पायातल्या चपला काढायचात. अनवाणी पायानं क्लच दाबत तेवढं रान पार करायचात, मग पुन्हा चपला घालायचात. आई म्हणायची, ह्यांच्या असल्या भक्तीपायी एक दिवस सगळे खड्ड्यात जाऊ.

हे सांगताना सई हसली. मग तिनं विचारलं, "तेच ना, ज्यांनी आपली ताडपत्री देऊन टाकली?"

तिला ती गोष्ट माझ्या बाजूनं ठाऊक आहे. तुमची बाजू तिला कुणी सांगितली नाही. म्हणून आज इथं पहिल्यापासून लिहिते, आणि जमेल तितकं खरं लिहिते.

सई पोटात होती, सातवा महिना. बाळंतपणासाठी तुम्ही मला माहेरी न्यायला जीप घेऊन आला होतात. येण्याची कामं दोन होती, मला न्यायचं आणि मोंढ्याच्या बाजारातून ताडपत्री घ्यायची. कोणतं आधीचं, हे मी विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. ताडपत्री पिवळी, जाड, नव्या प्लॅस्टिकच्या वासाची. साध्या भोकातून दोरी ओवली की फाटतं, म्हणून दुकानदारासमोर उभं राहून तुम्ही तिच्या चारी कोपऱ्यांना पितळी कड्या बसवून घेतल्या होत्या. घरी आपली रास मळून तयार होती. वीस दिवस आई शाळू उपटत होती, हाताला चिंध्या गुंडाळून. बोटं अशी सुजलेली की बांगडी पुढं सरकत नव्हती. आभाळ यायच्या आत रास झाकायची, एवढ्यासाठी ती ताडपत्री.

येडशी सोडून धाराशिवकडं निघालो आणि पश्चिमेकडून काळं आलं. दुपारचे तीन असतील. वारा असा सुटला की रस्त्यावरून कडब्याच्या पेंढ्या पळायला लागल्या. उजव्या हाताला, रस्त्याला लागून, एका रानात ज्वारीची रास उघडी पडली होती. पोती भरलेली नव्हती. शेजारी मळणीयंत्र, झाडू, पाण्याची घागर आणि एका पायाची चप्पल. माणूस एक नाही. तुम्ही जीप थांबवलीत आणि तीन-चार हाका मारल्यात. "कुनी हाय का? आवं, रास भिजंल की!" कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "आप्पा, चला. आपली रास उघडी आहे."

"व्हय," तुम्ही म्हणालात, आणि मागच्या सीटवरून ताडपत्री काढलीत.

चपला काढून तुम्ही त्या रानात शिरलात. वाऱ्यानं ताडपत्री फुगायची आणि तुम्हाला दोन पावलं ओढत न्यायची. एक कोपरा धरला की दुसरा उडायचा. मला ओरडून सांगत होतात, उतरू नको, उतरू नको. मी उतरलेच. शिव्या देत उतरले, हेही लिहिते. एका कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले, माझ्या त्या वेळच्या वजनाचा तेवढाच उपयोग. तुम्ही कड्यांतून दोर ओवलेत, बाभळीच्या मेखा दगडानं ठोकल्यात. शेवटची मेख ठोकताना पहिली गार माझ्या खांद्यावर पडली.

जीपमध्ये बसून आपण अर्धा तास टपावरच्या गारांचा आवाज ऐकला. मी म्हटलं, "थांबल्यावर काढून घ्या आता." तुम्ही म्हणालात, "आन् आपण गेल्यावर परत आला तर?" जीप चालू केलीत. दोन तासांचा रस्ता तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि पिकांकडंही पाहिलं नाहीत. आभाळ आपल्या पुढंपुढंच चाललं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा आई रानात चिखलात उभी होती. घरातल्या वाकळा, तिची लुगडी, पोती, सतरंजी, जे होतं ते तिनं राशीवर टाकलं होतं. सगळं चिंब. वर गारांचा थर. तिनं जीपकडं पाहिलं.

"ताडपत्री?"

"दिली."

"कुणाला?"

"ठावं न्हाय."

आई एवढंच म्हणाली, "मंग पोरीला तरी खाली उतरवा."

ती काही बोलली नाही, म्हणून मी बोलले. जेवायला बसल्यावर, सगळ्यांसमोर. "आप्पा, तुम्हाला परक्याची रास दिसली, घरची बाई दिसली नाही." तुमच्या हातातला घास तसाच राहिला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खरं सांगते, बरं वाटलं होतं.

ज्वारी काळी पडली, काहीला मोड आले. वर्षभर आपल्या घरात काळी भाकरी झाली. कडवट, तुटणारी. तुम्ही ती रोज मुकाट्यानं खाल्लीत. आईनंही खाल्ली. माझ्या ताटात मात्र पांढरी असायची, तुम्ही चार घरं फिरून मागून आणलेल्या शाळूची. मी ती खायची आणि तुमच्याशी बोलायची नाही.

नंतर बोलणं सुरू झालं, पण भांडण मिटलं नाही. दर शिमग्याला आभाळ आलं की मी टोमणा मारायची, कुणाची रास झाकायची राहिली का बघा. तुम्ही हसायचात. एकदा म्हणालात, "पाऊस आपल्याकडं यील का न्हाय, कुणाला ठावं हुतं? तितं तर आलाच हुता." मी म्हटलं, ही पळवाट आहे. तुम्ही म्हणालात, "आसंल." आणि शेवटी, धाराशिवच्या दवाखान्यात, हाताला सलाईन लावलेलं असताना, मी विषय काढला नव्हता तरी तुम्ही बोललात. "आपली रास म्या तवा बगितली नव्हती, माय. ती बगितली हुती. बगितल्यावर कसं म्होरं जावं, सांग."

मी सांगणार होते. काय सांगणार होते, ते आता आठवत नाही. नर्स आली, तुम्हाला कुशीवर वळवायचं होतं, आणि मी बाहेर गेले. परत आले तेव्हा तुम्ही झोपला होतात. जेवताना बोललेलं ते वाक्य मी मागं घेतलं नाही, आप्पा. सतरा वर्षांत वेळ नव्हता, असं मला म्हणता येणार नाही.

हे सगळं सईला सांगून होईपर्यंत येडशी मागं पडली होती. ते रान कुठलं, हे मला कधीच सांगता आलं नसतं. रस्ता चौपदरी झाला, कडेची झाडं गेली, सगळं बदललं. आणि तेवढ्यात एक म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला उभी दिसली. कपाळावर ऊन अडवायला एक हात, दुसऱ्या हातात सूप. तिनं हात केला. मला वाटलं, धाराशिवला जायचं असेल. थांबले.

"कुठं सोडू, मावशी?"

"सोडायचं न्हाय मला कुटं. पदर धरा, बाई."

मी पंजाबी ड्रेसमध्ये. पदर कुठून आणणार? सई खाली उतरली आणि तिनं ओढणी पसरली. मावशीनं सूप रितं केलं. शाळू, टपोरा, मोत्यासारखा. ओढणी खाली ओढली गेली.

"आज रास झाली," मावशी म्हणाली. "पयलं माप देवाचं. दुसरं वाटंवरच्या गाडीचं. आमची रीतच हाय तशी."

"अशी रीत कधी ऐकली नाही," मी म्हटलं.

"आमच्याच घरातली हाय. लई सालं झाली. मालकाची बोटं यंत्रात गेली बगा, रास सुरू आसताना. रगात थांबंना. आमी समदे तसंच टाकून ट्रॅक्टरवर धाराशिवला पळालो. वर आभाळ फुटलं. दवाखान्यात म्या रडत हुते, बोटांपायी बी आन् राशीपायी बी. त्या साली खायाला तेवढंच हुतं. सकाळी आले तर काय, रास झाकलेली! नवीकोरी ताडपत्री, मेखा मारून. आत दाणा कोरडा. म्या तितंच बसले. कोन आलं, कोन गेलं, गाव न्हाय, नाव न्हाय. चाकाच्या खुणा तेवढ्या हुत्या, चिखलात. मंग द्यायचं कुणाला? म्हणून जी गाडी यील तिला."

तिच्या मागं, रानात, रास होती. पांढरी, उन्हात डोळे दिपतील अशी. तिच्याजवळ एक म्हातारा बसून उरलेल्या दोन बोटांनी आणि दातांनी पोत्याचं तोंड शिवत होता. कडेला निळ्या ताडपत्रीची घडी. घडीच्या कोपऱ्यावर काहीतरी चमकत होतं.

मी चपला काढल्या, आप्पा. ढेकळं तापली होती. तशीच चालत गेले आणि तो कोपरा हातात घेतला. पितळी कडी. घासून घासून पातळ झालेली.

"चौथी ताडपत्री हाय ही," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "ती टिकंल किती? कड्या मातर त्याच. दर बारीला काडून नवीला लावतो."

 तुम्ही मेख ठोकत होतात ती जागा हीच, मी शिव्या देत उभी राहिले होते तो कोपरा हाच. सतरा वर्षं मी एका राशीवरून भांडत होते, आणि सतरा वर्षं इथं दुसऱ्या राशीतून सुपं भरून चालली होती. ट्रकवाल्यांना, लग्नाच्या गाड्यांना, कुणा कुणाला. ते दाणे कुठवर गेले असतील, ह्याचा अंदाज मला करता येईना. तुम्हाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाच तुम्ही काळी भाकरी खाल्लीत, आणि मला त्या क्षणी तुमच्याकडं मान वर करून बघावंसं वाटलं, त्या पवनचक्कीकडं बघावं तसं.

सईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या ओठावर आलं होतं. मी तिचा हात दाबला. मलाही ओरडून सांगायचं होतं की तो माझा बाप होता. पण नाव सांगितलं असतं तर दर साली ते माप आपल्या घरी येऊ लागलं असतं, आणि वाटेवरच्या गाड्या तशाच निघून गेल्या असत्या.

मावशी जवळ आली. सूप छातीशी धरलेलं. "एकच वाटतं बगा," ती हळूच म्हणाली. "नवी ताडपत्री कोन उगंच घिऊन फिरतंय? त्यांची बी रास आसंल कुटंतरी उघडी. आमची झाकली, आन् त्यांची भिजली आसंल का? दर साली रास झाली की माझ्या मनात त्येच येतं. झोप लागत न्हाय मला त्या दिवशी."

आप्पा, ह्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगात फक्त मला आणि आईला ठाऊक होतं. चिंब वाकळा मी पिळल्या होत्या. मोड आलेले दाणे मी वेचले होते. सतरा वर्षं मी तेच उत्तर तुमच्या तोंडावर फेकत होते.

"न्हाय भिजली, मावशी," मी म्हटलं. आपल्या गावच्या बोलीत निघालं, ठरवून नाही. "तुमी झोपा खुशाल. न्हाय भिजली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळून म्हाताऱ्याला म्हणाली, "आवं, ऐकलंत का? न्हाय भिजली म्हनं."

"कोन म्हनतं?"

"ह्या बाई म्हनत्यात."

म्हातारा उठला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सईकडं पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं. आणि ते दोन हात, एक पुरा आणि एक अर्धा, जोडले. त्यांनी ओळखलं की नाही, मला ठाऊक नाही. नाव त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. निघताना मावशीनं सईच्या ओढणीत आणखी एक ओंजळ टाकली.

तुळजापूर येईपर्यंत मी चपला घातल्या नाहीत. आणि ते वाक्य मी मागं घेतलं, गाडीत, मोठ्यानं, सईच्या देखत. परक्याची रास दिसली, घरची बाई दिसली नाही, असं मी म्हटलं होतं ना? तुम्हाला आम्हीही दिसत होतो, आप्पा; माझ्या ताटात पांढरी भाकरी उगाच येत नव्हती. मला ते दिसायला सतरा वर्षं लागली. तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. उशीर झाला.

आई ओट्यावर वाट बघत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती ओढणीतले दाणे या हातावरून त्या हातावर घेत ऐकत होती. शेवटचं सांगून झालं तेव्हा तिचा हात थांबला.

"न्हाय भिजली म्हणलीस?"

"हो."

तिनं दाण्यांवर मूठ मिटली. बोटांचे सांधे अजून तसेच जाड आहेत तिचे. मग म्हणाली, "बरं केलंस. त्येंनी बी तेच सांगितलं आसतं."

पाडव्याला सकाळी तिनं सईला घेऊन ते दाणे जात्यावर दळले, आणि पहिली भाकरी थापली. तव्यावर टम्म फुगली, पांढरीशुभ्र. आईनं ती चुलीवरून उचलून, गरम असतानाच, तुमच्या फोटोसमोर ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तुमच्याशी बोलली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

"खावा आता. तुमच्या ताडपत्रीची हाय."